रिकामं पाकीट कुणाचं?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण विषय उकिरड्याचा आहे आणि उकिरडा सगळ्या गावाचा असतो.

परवा आपल्याकडच्याच एका ग्रुपवर एक फोटो फिरत होता. नालीच्या कडेला पडलेली दुधाची बाटली, दोन-तीन निपलं, पावडरच्या दुधाची चंदेरी पिशवी आणि अंगणवाडीच्या आहाराची रिकामी पाकिटं. खाली कॉमेंटा सुरू. "आजकालच्या बायकांना वळणच नाही राहिलं." "फोटो काढा अन् दंड लावा." "आमच्या मायनं पाच लेकरं वाढवली, एक बाटली घरात आणली नाही." या शेवटच्या कॉमेंटला सगळ्यात जास्त लाइक.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या फोटोत कचरा दिसतो तो एका मायचा, पण तो तयार केला कंपनीनं आणि त्यातला बराचसा विकत घेऊन वाटला सरकारनं. ज्यानं पाकीट बनवलं आणि ज्यानं ते वाटलं, त्यानंच ते परत न्यायला पाहिजे. हे माझ्या मनानं सांगत नाही, कायदाच तसं म्हणतो. आणि आपल्या वाशिम जिल्ह्यात हे करायला नवी योजना, नवं ऑफिस, नवी गाडी काहीच लागत नाही. महिन्याच्या महिन्याला भरलेलं पाकीट ज्या दारापर्यंत पोचतं, त्याच दारातून रिकामं पाकीट परत जाऊ शकतं.

आता नीट मांडतो.

आधी त्या फोटोतल्या एकेक वस्तूचं काय होतं ते पाहा.

बाटली. आजकालच्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. हे प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येतं. भंगारवाला घेतो, पण किलोच्या भावानं. एका बाटलीसाठी कोण थांबणार?

निपल. सिलिकॉनचं किंवा रबराचं. भंगारवाला हात लावत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी चिकट होतं, फुगतं, चिरतं, आणि बदलावंच लागतं.

पावडरचं दूध. पत्र्याचा डबा असेल तर भंगारात जातो. पुठ्ठ्याचा खोका असेल तर खोका रद्दीत जातो, आतली चंदेरी पिशवी मात्र कुठंच जात नाही. तिच्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून तिला भाव नाही.

अंगणवाडीचं पाकीट. बरीचशी पाकिटं याच थराथराच्या जातीची. आतलं पीठ महिनोन् महिने टिकावं म्हणून तसं बनवतात. टिकण्याची सोय झाली, संपल्यावरची सोय कुणीच केली नाही.

दुधाची साधी पिशवी. ही एकाच जातीच्या प्लास्टिकची, सहज पुनर्वापर होणारी. हिच्याबद्दल पुढं सांगतो, कारण हिची गोष्ट मजेशीर आहे.

म्हणजे ज्याला भाव आहे ते कसंबसं भंगारात जातं. ज्याला भाव नाही ते नालीत, उकिरड्यावर नाहीतर चुलीत. यात वळणाचा प्रश्न कुठं आला? उद्या त्या चंदेरी पिशवीला किलोमागं पंधरा रुपये भाव येऊ द्या, गावात एक पिशवी सापडली तर मला सांगा.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या साधारण १२ लाख होती आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त लोक खेड्यात राहणारे. घंटागाडी वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या गल्लीत फिरते. मालेगाव-मानोऱ्यात नगरपंचायत आहे. बाकी खेड्यांत किती ठिकाणी कचरा गोळा करायला दारात कुणी येतं? जिथं येतं तिथल्या लोकांनी कॉमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, मी आनंदानं कौतुक करीन.

खेड्यात घरचा कचरा उकिरड्यावर जातो. आपला उकिरडा म्हणजे घाण नव्हती, ते खत होतं. उन्हाळ्यात बैलगाडीनं, आता ट्रॅक्टरनं तेच शेणखत वावरात जातं. मृगाच्या आधी ते पसरवलं की त्याच्यासोबत ही पाकिटंही वावरात पसरतात. सोयाबीनला डवरणी करताना डवऱ्याच्या पासेला गुंडाळून येणारे प्लास्टिकचे तुकडे कुणी पाह्यले नाहीत? आणि पीठ लागलेलं पाकीट गाई-वासराला गोड लागतं. जनावर पाकीट वेगळं आणि पीठ वेगळं करून खात नाही. पोळ्याला ज्याच्या गळ्यात माळ घालतो, त्याच्या पोटात वर्षभर काय चाललंय ते एकदा गावाकडच्या पशुवैद्यकाला विचारा.

मग लोक म्हणतात, जाळून टाका. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभरासाठी आदेश दिला होता: साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५ हजार रुपये दंड. आता सांगा, नालीत टाकलं तर बाई वळण नसलेली, जाळलं तर बाई गुन्हेगार, घरात साठवलं तर उंदीर-मुंग्या. तिनं करायचं तरी काय? गिळायचं का?

कायदा काय म्हणतो ते आता ऐका.

२०१६ साली केंद्र सरकारनं प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यात स्पष्ट लिहिलं की प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणारा उत्पादक, आयात करणारा आणि ज्याचा ब्रँड आहे तो, या सगळ्यांवर ते वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. वेष्टनांचे प्रकार पाडले, थराथराच्या प्लास्टिकचा वेगळा वर्ग केला आणि टप्पे ठरवून दिले: २०२१-२२ ला २५ टक्के, २०२२-२३ ला ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के.

१०० टक्के! म्हणजे कागदावर बोलायचं तर बाजारात जितकं वेष्टन उतरवलं तितक्या वजनाचं गोळा झालं पाहिजे. मग आपल्या नालीतलं कुणी का नेलं नाही?

कारण नियमात एक पळवाट आहे. कंपनीनं स्वतःचंच पाकीट, त्याच गावातून उचलावं असं बंधन नाही. तेवढ्याच वजनाचा त्याच वर्गातला कचरा कुठंही गोळा झाला, त्याचं प्रमाणपत्र विकत घेतलं, की हिशेब जुळला. मुंबई-पुण्यात कचरा एका जागी मिळतो, तिथून उचलणं स्वस्त. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरून दोनशे पाकिटं उचलणं महाग. म्हणून पाकीट इथं राहतं आणि प्रमाणपत्र तिथं निघतं. बरं, तीही खरी असतील याची खात्री नाही. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत ६ लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रं सापडली होती.

आता ती दुधाच्या पिशवीची गोष्ट. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, आठवते ना? दुकानदारांची धावपळ, कॅरीबॅग जप्त, दंडाच्या पावत्या. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट देताना एक अट होती. पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायची आणि रिकामी पिशवी दिली की ते ५० पैसे गिऱ्हाइकाला परत द्यायचे. मी विचारतो, तुमच्यापैकी कुणाला आजवर एकदा तरी ते ५० पैसे परत मिळाले? भाजीवाल्या मावशीची कॅरीबॅग जप्त करायला पथक आलं, पण डेअरीकडून ५० पैसे वसूल करायला कोणतं पथक आलं? कायदा खालच्याला लागतो आणि वरच्याला सवलत मिळते, याहून साफ उदाहरण सापडायचं नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या पाकिटांचा आपल्या खेड्यातला मोठा खरेदीदार कोण? सरकार.

अंगणवाडीतून ६ महिने ते ३ वर्षांच्या लेकरांना, गरोदर बायांना आणि अंगावर पाजणाऱ्या मायांना घरपोच आहार मिळतो. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. २०१८ साली नीती आयोगानं देशातले आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादसोबत आपलं वाशिम त्यात होतं. आकांक्षित हा गोड शब्द आहे, अर्थ मागासलेला. पोषण हा तिथल्या मोजमापाचा एक मोठा भाग. म्हणजे ही पाकिटं आपल्याकडं आली पाहिजेत, वेळेवर आली पाहिजेत आणि चांगली आली पाहिजेत.

पण हिशेब मांडून पाहा. समजा एका गावात ५० लाभार्थी आहेत आणि प्रत्येकाला महिन्याला दोनच पाकिटं मिळतात. महिन्याला १००, वर्षाला १,२०० पाकिटं. एका गावात. आता आपल्या जिल्ह्यात पाचशेच्या घरात ग्रामपंचायती आहेत. गुणाकार तुम्हीच करा. हा काही चोरून टाकलेला कचरा नाही. किती पाकिटं आली, कोणत्या अंगणवाडीत आली, कोणत्या तारखेला वाटली, कुणाच्या सहीनं वाटली, सगळं रजिस्टरमध्ये आणि मोबाईलमध्ये नोंदलेलं असतं. देशात दुसरा असा कोणता कचरा आहे ज्याचा जन्मदाखला सरकारकडं आहे? आणि तरी त्याच्या मरणाची नोंद कुठंच नाही.

सरकार जेव्हा या आहाराचं कंत्राट देतं तेव्हा प्रथिनं किती, कॅलरी किती, पाकिटावर काय छापायचं, सगळं लिहून देतं. त्यात एक ओळ वाढवायला काय जातं? "पुरवठादारानं पुढच्या खेपेला आधीच्या खेपेची रिकामी पाकिटं मोजून परत न्यावीत, नेली नाहीत तर बिलातून कपात." बस्स. भरलेली गाडी येते आणि रिकामी जाते. रिकाम्या गाडीत रिकामी पाकिटं जातील. नेलेला माल सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतो, आणि सिमेंटचे कारखाने आपल्याच विदर्भात चंद्रपूरकडं आहेत. ही काही आदर्श विल्हेवाट नाही, पण गाईच्या पोटापेक्षा आणि चुलीच्या धुरापेक्षा हजारपट बरी.

मला माहीत आहे आता कोणते प्रश्न येणार. एकेक घेतो.

"सेविकेवर अजून एक काम?" हा प्रश्न रास्त आहे. अंगणवाडीच्या ताईला आधीच किती कामं आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले निकामी मोबाईल परत केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी त्या संपावर गेल्या आणि तो संप पन्नास दिवसांच्या वर चालला. म्हणून मी म्हणतो, फुकट काम लावू नका. पाकिटामागं काही पैसे प्रोत्साहन ठरवा, पोतं द्या, ते पोतं पुरवठादाराच्या माणसानं उचलावं. मोजणी करायची ती पोत्याची, ताईनं एकेक पाकीट धुवत बसायचं नाही. आणि पैसे सरकारनं नाही, पुरवठादारानं द्यायचे. नियमानं जबाबदारी त्याचीच आहे.

"लोक परत आणणार नाहीत." आणतील. महिन्याला पाकीट घ्यायला यायचंच असतं. येताना जुनं आणलं तर त्रास काय? पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिकामं आणलं नाही म्हणून भरलेलं नाकारायचं, असं कुणी केलं तर मी पहिला विरोधात उभा राहीन. लेकराचा घास कचऱ्याच्या अटीला बांधायचा नाही. आणलं तर शाबासकी, नाही आणलं तरी आहार मिळालाच पाहिजे.

"जनजागृती करा ना." करा की. दर सप्टेंबरला पोषण माह असतो, रांगोळ्या काढतात, फोटो टाकतात. पण ज्या गावात कचरा द्यायला जागाच नाही तिथं कचरा वेगळा करण्याची जनजागृती म्हणजे विहिरीला पाणी नसताना पाणी गाळून प्या सांगण्यासारखं आहे. आपण गाडगेबाबांच्या मुलखातले लोक. त्यांचं जन्मगाव शेंडगाव आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. बाबांनी आधी झाडू हातात घेतला, मग कीर्तनात सुनावलं. आपलं उलटं चाललंय. नुसतं कीर्तन आहे, झाडूचा पत्ता नाही.

"मग बाटली वापरूच नका ना." हा सगळ्यात लाडका सल्ला. अर्धा खरा आहे आणि अर्धा क्रूर.

खरा अर्धा आधी. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे डॉक्टर सांगतात ते बरोबर आहे. वरचं दूध द्यायची वेळ आली तरी वाटी-चमचा बाटलीपेक्षा चांगला, कारण तो घासता येतो, उकळता येतो आणि कोपऱ्यात दूध साचून राहत नाही. लेकरांच्या जुलाबाचं एक मोठं कारण नीट न धुतलेली बाटली हेच आहे. आपल्या घरात बोंडलं होतं. पितळेचं, चांदीचं, पुढं स्टीलचं. एका बोंडल्यावर घरातली सगळी लेकरं वाढायची आणि मग ते बहिणीच्या घरी जायचं. त्याचा कचरा कधी झालाच नाही. भांड्याच्या दुकानात स्टीलचं बोंडलं आजही मिळतं. बारशाला बाटल्यांचा रंगीत सेट देण्यापेक्षा ते द्या.

२०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्यात दूध तयार केलं तर लिटरमागं १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटू शकतात. लगेच घाबरू नका, पण साधी काळजी घ्या. पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यात तयार करा, कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. आणि बाटली घ्यायचीच असेल तर आयएसआय मार्क पाहून घ्या. दूधपाजणीच्या बाटलीला तो मार्क कायद्यानं सक्तीचा आहे. बाजारातल्या बिनमार्काच्या बाटल्या विकणंच बेकायदा आहे.

आता क्रूर अर्धा. "आमच्या मायनं पाच लेकरं वाढवली" म्हणणाऱ्या भाऊंनो, नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. निंदायला जाणाऱ्या बाईला किती आठवड्यांची आहे? मातृवंदना योजनेत पहिल्या लेकरासाठी ५ हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यात. त्यात किती दिवस घर चालतं? दोन महिन्यांचं लेकरू सासूजवळ ठेवून ती सोयाबीन सोंगायला जाते. मग घरी म्हातारी काय पाजणार? मनरेगाच्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. आपल्या तालुक्यात असा पाळणा किती कामांवर पाह्यला? ज्या बाईला लेकरू कामावर जवळ ठेवता येत नाही, तिच्या हातात बाटली आपण सगळ्यांनी मिळून दिली आहे. आणि काहींना दूध येत नाही, काही माया आजारी असतात, काही लेकरांना माय राहत नाही. त्यांच्यासाठी पावडरचं दूध हा आधार आहे. त्यांना टोमणे मारणं बंद करा.

टोमणे मारायचेच असतील तर तिकडं मारा. १९९२ चा कायदा आहे, १९९३ पासून लागू, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. लेकरांचं पावडरचं दूध, दूधपाजणीची बाटली आणि दोन वर्षांच्या आतल्या लेकराचं डबाबंद खाणं, यांची जाहिरात करायला बंदी. फुकट नमुने वाटायला बंदी. डॉक्टरला, नर्सला भेटी द्यायला बंदी. दवाखान्यात पोस्टर लावायला बंदी. तरी कुठं असं पोस्टर दिसलं, बाळंतिणीच्या हातात फुकट डबा दिसला, तर जिल्हा शल्यचिकित्सकाकडं लेखी तक्रार करा. ज्या बाटलीची खरंच गरज नाही ती घरात आलीच नाही, तर तिचा कचरा व्हायचा प्रश्नच उरत नाही. कचरा कमी करायची ही सगळ्यात स्वस्त रीत आहे.

आता मागण्या. या येत्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपात मांडा, भाषा सोपीच ठेवा.

१) घरपोच आहाराच्या पुरवठ्याच्या करारात रिकामी पाकिटं परत नेण्याची अट घाला. हा ठराव जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीकडं आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं पाठवा.

२) स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे, तालुक्यामागं १६ लाख रुपयांपर्यंत. आपले तालुके सहा. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, चालू आहे का, आजवर किती किलो प्लास्टिक तिथं आलं, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

३) १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला वाटा होता. आपल्या ग्रामपंचायतीनं स्वच्छतेच्या वाट्यातून काय केलं, किती बाकडी बसवली आणि किती कचरा उचलला, याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

४) चारही नगर परिषदांनी घंटागाडीत थराथराच्या पाकिटांसाठी वेगळं पोतं ठेवावं. ओल्या-सुक्यात मिसळलं की ते कायमचं डम्पिंगवर जातं.

५) दुधाच्या पिशवीचे ५० पैसे. पुढच्या वेळी दूध घेताना दुकानदाराला नम्रपणे विचारा. तो हसेल. त्याला सांगा, हसू डेअरीपर्यंत पोचव.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत घरात काय करायचं? कारण लेकरू तर आजच दूध पितंय.

पाकीट आणि पिशवी रिकामी झाली की एका बाजूनं पूर्ण कापा, आतलं पीठ झटका, थोड्या पाण्यानं विसळा आणि उन्हात वाळवा. वास गेला की जनावर तोंड लावत नाही आणि मुंग्या येत नाहीत. कापलेला तुकडा वेगळा फेकू नका, पिशवीला लागूनच ठेवा. सगळी पाकिटं एका पोत्यात भरा, उकिरड्यापासून लांब टांगा. बाटलीचं झाकण, रिंग आणि निपल वेगळं करा, बाटली भंगारात द्या. एकटीला भाव नाही, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून साठवा. निपल कापून टाका, म्हणजे कुणाचं लेकरू उचलून तोंडात घालणार नाही. जुनं निपल दुसऱ्याच्या लेकराला कधीच देऊ नका. चिरा गेलेली, आतून ओरखडलेली बाटलीही देऊ नका. पावडरच्या दुधाचा डबा भंगारात देण्याआधी तळाला खिळ्यानं भोक पाडा आणि लेबल फाडा, म्हणजे कुणी त्यात दुसरंच काही भरून विकणार नाही. डबा घरातच ठेवायचा असेल तर तिखट-हळदीला उत्तम.

हे सगळं आपण करू. पण हे करून आपली जबाबदारी संपली आणि त्यांची माफ झाली, असं होऊ देऊ नका. आपण वाळवलेल्या पाकिटांचं पोतं शेवटी कुणाच्या दारात न्यायचं, हा प्रश्न तसाच उभा आहे. माझं उत्तर असं: पंचायत समितीच्या दारात. दहा गावांच्या बायकांनी एकाच दिवशी दहा पोती घेऊन जावं. भांडण नको, घोषणा नको. पोती मोजून द्यावीत आणि पोच घ्यावी. "आपण वाटलेली पाकिटं आपल्याला परत." बघू मग कोणाला सुचतं ते.

तुमच्या गावात रिकाम्या पाकिटांचं काय होतं ते कॉमेंटमध्ये लिहा. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका. फोटो टाकणार असाल तर कचऱ्याचा टाका, कोणत्या बाईचा किंवा लेकराचा नको. अंगणवाडीच्या ताई कुणी वाचत असतील तर त्यांनी आवर्जून सांगावं, पोतं ठेवायला जागा आहे का, आणि पाकिटामागं किती पैसे मिळाले तर हे काम परवडेल. ठरावाचा मसुदा ज्यांना पाहिजे त्यांनी नुसतं "मसुदा" लिहा, मी इनबॉक्समध्ये पाठवतो. आणि ज्या ग्रुपवर तो फोटो फिरतोय, तिथं ही पोस्ट नक्की टाका.